वेणूवहिनीचा शिधा

वेणूवहिनी गेली हे कळलं तेव्हा मी वाशीमच्या घराच्या मागच्या अंगणात, खिडकीला आरसा अडकवून दाढी करत होतो. फोन सविताचा, म्हणजे वहिनीच्या सुनेचा होता. ती रडत नव्हती. "काका, आई गेल्या," एवढंच म्हणाली. एका गालावरचा साबण वाळत होता. अशी बातमी आली की माणूस रडतो, निदान खाली तरी बसतो. माझ्या मनात मात्र पहिला विचार आला तो हा, की आता तरी कमलबाई येईल का? मला माझाच राग आला. पण खोटं कशाला सांगू? गेली काही वर्षं आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट फिरून फिरून याच प्रश्नाशी येऊन थांबत होती. कमलबाई एकदा येईल, ओट्यावर बसेल आणि विचारलेल्या एका गोष्टीचं खरं उत्तर देईल, एवढ्या आशेवर वहिनीनं शेवटची वर्षं काढली. ती आशा घेऊनच ती गेली.

जऊळक्याच्या अलीकडच्या फाट्यावर एसटीतून उतरलो आणि पायी गावात पोचलो. गाव जमलं होतं. वहिनी सरपंच असताना ज्यांनी तिला चारचौघांत बोल लावले तेही आले होते, तोंडाला रुमाल लावून उभे होते. मी एसटीत वाहक होतो. चेहरा बघून विनातिकीट माणूस ओळखण्यात आयुष्य गेलं. त्या गर्दीत बरेच जण विनातिकीट होते, पण मेलेल्या माणसाच्या दारात कोणाला उतरवायचं? वहिनीला नेताना वाट कमलबाईच्या घरावरूनच जाते. दार उघडं होतं. दारात कोणी नव्हतं. मी मुद्दाम मान वळवून पाहिलं, सवितानंही पाहिलं, आणि आम्ही पुढे गेलो.

वहिनी धनजची. दादाशी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत जात होतो, आणि आठवड्याभरातच तिनं माझा कान धरून मला पाणी भरायला लावलं. बुटकी, सावळी, आवाज असा की शेताच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाच्या बैलानं मान वर करावी. पुढे मी नोकरीला लागलो तर म्हणायची, "तिकिटं फाडू फाडू तुमचं डोस्कंबी फाटलं, भाऊजी." दादा लवकर गेला. पोरगा लहान होता. तिनं निंदण केलं, सोंगणी केली, पोराला शिकवलं आणि बाहेरगावी नोकरीला लावलं. हे सगळं सगळ्याच विधवांबद्दल लिहितात, म्हणून मी इथंच थांबतो. तिच्याबद्दल वेगळं सांगायचं तर तिला चूक सहन होत नसे. दुसऱ्याची तर नाहीच, पण स्वतःची तर अजिबात नाही. भाकरी करपली तर ती करपलेली भाकरी ती स्वतःच्या ताटात घ्यायची आणि ती खाताना कोणी बोललेलं तिला चालत नसे.

कमलबाई तिची मैत्रीण. किन्हीराजाची मुलगी, आमच्या गावात शेतकऱ्याच्या घरी दिलेली. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन आल्या. वहिनी कमलबाईच्या शेतात मजुरीला जायची आणि कमलबाईही तिच्या बरोबरीनं वाकून काम करायची, कारण शेत असलं तरी सासू बसू देत नव्हती. दुपारी दोघी शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या निंबाखाली जेवायला बसत. सुटीच्या दिवशी मी डबा पोचवायला जायचो, तेव्हा हे बघितलेलं आहे. कमलबाई आपला ठेचा वहिनीला वाढायची, वहिनी तो खायची. वहिनी तिला द्यायची ते काकडी, बोरं, हरभऱ्याचे घाटे. वहिनीच्या हातची अंबाडीची भाजी म्हणजे काय होती ते ज्यांनी खाल्ली त्यांनाच ठाऊक. डबा उघडला की कमलबाई म्हणायची, "वास भारी येऊन राह्यला, वेणे." एवढंच. वासाच्या पुढे ती कधी गेली नाही. एकदा परत येताना मी वहिनीला डिवचलं, की तुझी मैत्रीण वासावरच पोट भरते वाटतं. ती चालता चालता थांबली आणि म्हणाली की तिच्या सासूला कळलं तर ती तिचं जगणं मुश्कील करेल, उगाच तोंड चालवू नका. कमलबाईबद्दल वाईट बोललेलं तिला खपत नसे. जे काही होतं ते सासूचं होतं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आमची घरं बौद्धांची. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, देव सोडले, गावकीची कामं सोडली. आपल्या हातात जे सोडण्यासारखं होतं ते सगळं सोडलं. समोरच्याच्या मनातलं काढणं आपल्या हातात नसतं. शाळा एक, नळ एक, बस एक, मतदानाची रांग एक, पण कच्चं आणि शिजलेलं यातला फरक गावात कोणाला शिकवावा लागत नाही. पीठ, डाळ, मिरची कुठूनही कुठंही जाते. शिजलं की त्याला घर चिकटतं. गंमत म्हणजे याबद्दल कोणी कधी भांडलेलं मला आठवत नाही. भांडायचं कशाला? जो तो आपल्या जागी नीट बसलेला होता.

सरपंचपद आमच्यातल्या बाईसाठी राखीव निघालं तेव्हा गावातल्या मोठ्या माणसांनी एक गरीब बाई शोधून ठेवली होती. सही तिची आणि कारभार यांचा, असा बेत. तेव्हा कमलबाई वहिनीला म्हणाली, की दुसरी कोणी उभी राहिली तर आपल्या गावाचं वाटोळं होईल, तू उभी राय. एवढंच करून ती थांबली नाही, तर आपल्या आळीत घरोघर फिरली. सासूची बोलणी खाल्ली, नवऱ्याची खाल्ली, पण फिरली. वहिनी निवडून आली. पहिल्या बैठकीला गेली तर उपसरपंच तिच्या खुर्चीत बसलेले. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सगळी सभा होईपर्यंत उभीच राहिली, उभ्यानंच विषय मांडले. पुढच्या सभेला खुर्ची रिकामी होती.

मग कोरोना आला. त्या पहिल्या वर्षी एसटी बंद झाली आणि मी गावी आलो, तर माझ्या सख्ख्या वहिनीनं मला वेशीवरच अडवलं. रस्त्यावर बाभळीच्या काट्यांची गंजी लावलेली, अलीकडे गावातली माणसं पाळी धरून बसलेली. बाहेरून आलेला प्रत्येक जण आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत राहणार, असा पंचायतीचा ठराव होता. मी म्हणालो, अगं मी वाशीमहून आलो, सुरतेहून नाही. ती म्हणाली, "मंग सुरतेवाल्याईले काय सांगू? माह्या दिराले सोडलं म्हनून?" ठरलेले सगळे दिवस मी तिसरीच्या वर्गात सतरंजीवर काढले. पुण्याहून, सुरतेहून परतलेली पोरं होती, सगळ्या जातीची. पेपरात रोज छापून यायचं की या रोगानं सगळ्यांना सारखं केलं. आमच्या शाळेत दुपारी दारापाशी डब्यांची रांग लागायची आणि जो तो आपापल्या घरचा डबा ओळखून उचलायचा. कोणाच्या हातचं कोणी खायचा प्रश्नच आला नाही. वहिनी पंचायतीच्या भोंग्यावरून दिवसातून दोनदा बोलायची, पारावर बसलेल्यांना नाव घेऊन उठवायची. लोक हसत, पण उठत. त्या वर्षी आमच्या गावात एकही माणूस दगावला नाही. तालुक्याला तिचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं. तिचा नियमांवर विश्वास बसला तो तेव्हा. कोणाचाही बसला असता.

त्यातलाच एक नियम होता बसायला न जाण्याचा. आमच्याकडे कोणाच्या घरी माणूस गेलं की गाव तिथं बसायला जातं. बोलायचं काही नसतं, नुसतं बसायचं. आणि त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. माती देऊन, नाहीतर अग्नी देऊन माणसं परतली की भावकीतले, शेजारचे पिठलं-भाकरी करून आणतात आणि दुःखातल्या माणसांना बळेच घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. हा बाहेरचा घास पोटात गेला की मग त्या घराला आपली चूल पेटवायची मोकळीक मिळते. आता घरोघरी गॅस आला तरी बोलायला चूलच. पंचायतीच्या समितीनं ठरवलं की बंद केलेल्या घरात कोणी जायचं नाही, बसायला नाही आणि डबा घेऊनही नाही. जे लागेल ते पंचायत पुरवेल आणि दाराबाहेर ठेवेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. हा नियम कोणाच्या तरी दुःखाच्या दिवशी लागू होईल, तेव्हा काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. त्या खोलीत मी नव्हतो, पण असतो तरी मलाही सुचलं नसतं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात वेशीवर काटे लावूनही काही उपयोग नव्हता, कारण रोग आधीच आत आला होता. गल्लीगल्लीत ताप. भोंग्यावरचा वहिनीचा आवाज बसला होता. कमलबाईचा नवरा वामनराव, त्याला दम लागला म्हणून गाडी बोलावून वाशीमला नेलं. जाताना घरातला एकुलता एक मोबाइल तो सोबत घेऊन गेला. तो परत आला नाही, मोबाइलही आला नाही. अंत्यविधी तिकडेच उरकला. घरी कमलबाई आणि तिची म्हातारी सासू, दोघींच्याही अंगात ताप. मूलबाळ नव्हतं. पंचायतीच्या माणसांनी दारासमोर बांबू आडवे बांधले, पत्रा लावला. निरोप द्यायला वहिनी स्वतः गेली होती. पत्र्याच्या अलीकडून तिनं वामनराव गेल्याचं सांगितलं. आतून कमलबाईचा आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता, असं ती नंतर म्हणाली.

घरी येऊन वहिनीनं शिधा काढला. पीठ, तांदूळ, तुरीची डाळ, तेल, तिखट-मीठ. पंचायतीचा ठरलेला शिधा होता त्यात तिनं आपल्या घरचा गूळ घातला. एसटी पुन्हा थांबली होती म्हणून मी गावातच होतो, पिशवीचं तोंड धरून उभा होतो. सविता चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आई, दोन भाकरी टाकू का? त्याईच्या घरी कोन नेईन?" वहिनीचा हात पिठात तसाच राहिला. त्याआधी तिनं कमलबाईच्या भावकीत विचारून पाहिलं होतं, की तुम्ही डबा करा, मी नेऊन ठेवते. त्यांनी आमच्याही घरात ताप आहे असं सांगून दार लावून घेतलं होतं. भाऊ किन्हीराजाला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण ते वेशीच्या काट्यांपाशी येऊन परत गेले होते. हे सगळं तिला माहीत होतं. मग म्हणाली, "नको. बुढी आपल्या घरचं तोंडात घालत नाई. वरून म्हनन, दुखाच्या टायमाले बाटवाले आली. कमलच्या जीवाले तरास." आणि तिनं पीठ बांधलं. ते बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता, अपमान नव्हता. पाहुण्यांना गोड चालत नाही म्हणून बिनसाखरेचा चहा करावा, तितक्या सहज ती बोलली.

पिशवी मी उचलली. पत्र्याखालच्या फटीतून आम्ही ती ओट्यावर सरकवली. वहिनीनं हाक मारली, "कमल, शिधा ठेवला वं. करून खा. अंगात ताकद पायजे." आतून नुसतं "बरं" आलं. दुसऱ्या दिवशी पिशवी ओट्यावर नव्हती, म्हणजे आत नेली होती. वहिनीला बरं वाटलं. मलाही वाटलं.

आत काय झालं ते नंतर कळलं. म्हातारीचा एकच हट्ट होता, की घरातलं माणूस गेलंय, बाहेरचा घास आल्याशिवाय या घरात चूल पेटणार नाही. भावकी येईल, माहेरचे येतील, इतकी वर्षं आपण त्यांच्या दुःखात पिठलं नेलं, ते विसरणार नाहीत. कमलबाई तापात पडून होती. तिच्यातही उठायची ताकद नव्हती आणि खरं सांगायचं तर सासूचा शब्द मोडायची सवयही नव्हती. शिध्याची पिशवी कोनाड्यात ठेवलेली. दोघी पाणी पिऊन दाराकडे कान लावून पडून राहिल्या. तपासणीला येणाऱ्या बाईनं एका सकाळी पत्र्यावर थाप मारली तर उत्तर उशिरा आलं आणि तेही एकटीचंच. म्हातारीला गाडीत घातलं, पण ती वाटेतच गेली. तापानं गेली की उपाशी गेली, हे आता कोणीही सांगू शकत नाही. बहुतेक तापानंच. मी स्वतःला हेच सांगत आलो. वहिनीला मात्र हे कधीच पटवता आलं नाही.

पत्रा काढला त्या दिवशी कमलबाई चालत पंचायतीत आली. हाडं उरली होती. आवारात बरीच माणसं होती, रेशनचं काहीतरी चाललं होतं. वहिनी तिला बघून उठली, दोन पावलं पुढे गेली. कमलबाई लांबच उभी राहिली आणि म्हणाली, "वेणे, तू कच्चं काहून आनलं? बुढी वाट पाहू पाहू गेली. तुह्या घरची भाकर आनली असती तं आमी खाल्ली असती. बुढीनंबी खाल्ली असती." आवाज चढवला नाही. एवढं बोलली आणि गेली. त्यानंतर ती वहिनीशी एक शब्द बोलली नाही.

मग गावाला कंठ फुटला. कमलबाईच्या ज्या चुलत दिरानं दार लावून घेतलं होतं, तोच पारावर बसून सांगू लागला, की आम्ही तर डबा नेणारच होतो, पंचायतीनंच मनाई केली, आम्ही काय करणार. ज्यांनी समितीत माना डोलावल्या त्यांना तो नियम कोणी केला तेच आठवेना. सगळ्यांचं खापर एका डोक्यावर फुटलं आणि ते डोकं आमच्या वस्तीतलं होतं, त्यामुळे फोडणाऱ्यांचा हातही दुखला नाही. काही जण तर म्हणाले, की यांच्यात काही पाळत नाहीत, यांना आपले रिवाज काय समजणार? मी भांडायला उठलो होतो. वहिनीनं मला दंडाला धरून बसवलं. "कमल बोलली ते खरं असन तं बाकीचे काई बोलोत," म्हणाली.

ते खरं होतं का, हाच तिचा प्रश्न होता. तिनं सरपंचपद मुदत संपेपर्यंत नीट सांभाळलं, लशीसाठी माणसं घरातून ओढून काढली, आणि नंतर पंचायतीच्या पायरीला पाय लावला नाही. मी गावी गेलो की चहा झाल्यावर कधीतरी ती विचारायचीच, "भाऊजी, खाल्ली असती का हो?" मी सुरुवातीला म्हणायचो, नाही. म्हातारीनं तुझी भाकर ओट्यावरून कुत्र्याला टाकली असती. तर ती म्हणायची, म्हातारी जाऊ द्या, कमलनं? मरणाच्या दारात माणूस जात पाहत नाही. मग मी कंटाळून म्हणायला लागलो, की हो, खाल्ली असती. तर तिचा चेहरा असा व्हायचा की मी ते परत कधी बोललो नाही. नाही म्हटलं तर तिची मैत्री खोटी ठरायची, आणि हो म्हटलं तर तिनं स्वतःच्या हातानं दोन भाकरी नाकारून माणूस मारलं असं व्हायचं. यातलं कोणतं बरं, हे मला आजही सांगता येत नाही. ती दोनदा कमलबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. दार उघडं असायचं, कमलबाई आत धान्य निवडत बसलेली असायची, मान वर करायची नाही. गिरणीवर, फाट्यावर दोघी समोरासमोर यायच्या आणि एक जण रस्ता बदलायची. बदलायची ती कमलबाई.

शेवटी मूत्रपिंडांनी दगा दिला. अकोल्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, मग तिनंच त्या बंद करायला लावल्या. शेवटची भेट झाली तेव्हा ती खाटेवर भिंतीला टेकून होती, पाय सुजलेले. मी दरवेळेसारखी काहीतरी थट्टा केली, ती हसली नाही. म्हणाली, की मी गेल्यावर कमल आली तर कोणी तिला काही बोलू नका, बसू द्या. मी विचारलं, ती येईल असं तुला वाटतं? तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "इच्यारून घ्या तिले. माह्यासाठी."

कमलबाई आली. मातीला नाही आली, पुण्यानुमोदनाला नाही आली, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एका दुपारी आली. घरात सविता आणि मी दोघंच होतो. ती दारात उभी दिसली तेव्हा मी ओळखलंच नाही, इतकी वाकली आहे. सवितानं चटई टाकली. ती बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. ते रडणं खरं होतं, त्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. कितीतरी वेळानं ती बोलायला लागली. ते पत्र्यामागचे दिवस, म्हातारीचं दाराकडे बघणं, सगळं तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. म्हणाली, "वेणीशी बोलली असती तं मले रडू आलं असतं. आन रडली असती तं सारं माफ झालं असतं. म्हनून नाई बोलली." मधेच सविता चहा घेऊन आली. कमलबाईनं कप घेतला, शेजारी चटईवर ठेवला आणि बोलत राहिली.

मी विचारलं. वहिनीला कबूल केलं होतं म्हणून विचारलं. म्हटलं, कमलबाई, एवढं सांगा. तेव्हा आमच्या घरची भाकर आली असती तर खरंच खाल्ली असती?

"खाल्ली असती, भाऊजी," ती म्हणाली. "वेणीची शप्पत."

ती उठली तेव्हा चहावर साय धरली होती. सविता म्हणाली, घ्या ना, थंड झाला, दुसरा करते. कमलबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली की राहू दे माय, मी आत्ताच घेऊन आली. सासू जाऊन इतकी वर्षं झाली. घरात ती एकटी. कोणाला कळणार नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं. ती खोटं बोलत होती असंही मी म्हणणार नाही. आपण खाल्ली असती यावर तिचा पूर्ण विश्वास आहे, आणि तो कप तिथं तसाच आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं. तिला हाक मारून परत बोलवावं, तो कप तिच्या डोळ्यांसमोर धरावा, असं मला इतकं वाटलं की मी दारापर्यंत गेलो. पण वहिनीनं बजावलं होतं. आणि कमलबाई गल्लीतून भिंतीला हात लावत चालली होती, पाठीत वाकून.

म्हणजे वहिनीचं बरोबर होतं. जन्मभर जिच्याबद्दल ती वाईट ऐकून घेत नव्हती, तिला ती नीट ओळखून होती, आणि तरीही त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून स्वतःला जाळत बसली. हे तिला कळलं असतं तर सुटका वाटली असती की आणखी मोडली असती? मला वाटतं, मोडली असती. आता तेही होणार नाही.

मी कप मोरीत ओतायला उचलला तर सवितानं तो हातातून घेतला. म्हणाली, की आई फेकू देत नव्हत्या. मला हे ठाऊक नव्हतं. वहिनी सरपंच असताना सह्यांसाठी, दाखल्यांसाठी घरी माणसं यायची, चहा समोर ठेवला की आत्ताच घेतला म्हणायची, आणि भरलेले कप तसेच ठेवून जायची. ती माणसं गेली की वहिनी ते सगळे कप पातेल्यात ओतायची, पुन्हा गरम करायची आणि स्वतः प्यायची. सविता कुरकुरली तर म्हणायची, चहानं काय पाप केलं? शेवटपर्यंत, कोणी यायचं बंद झालं तरी, एखादा कप असा उरला तर तिचा हात आधी पातेल्याकडे जायचा.

सवितानं पातेलं गॅसवर ठेवलं, कमलबाईचा चहा त्यात ओतला. एकाच कपाचा होता, त्याचे तिनं दोन केले. एक मला दिला. आम्ही चटईवर बसून तो प्यायलो. साखर जरा जास्त झाली होती.